लाकडाच्या घराला पाणी

आमच्या घराचा सांगाडा उभा राहिला त्या दिवशी माझे सासरे प्लॉटच्या कडेला हात मागे बांधून बराच वेळ उभे होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मांडव झकास झालाय. घर कधी सुरू करणार?"

त्यांना हसायला मी कोण? या देशात पहिल्यांदा बांधकाम बघितलं तेव्हा मलाही हेच वाटलं होतं. टौरंगा शहराच्या कडेला, जिथे परवापरवापर्यंत गाई चरत होत्या, तिथे रस्ते आखले गेले, दिव्यांचे खांब आले आणि मग एकेका चौकोनात पाइनच्या लाकडाचे सांगाडे उभे राहायला लागले. किडीचं औषध मारलेलं असल्यामुळे ते लाकूड फिकट गुलाबी दिसतं. ना विटांची रास, ना वाळूचा ढीग, ना डोक्यावर घमेली घेतलेल्या बाया. दोन-तीन माणसं, खिळे मारायचं एक यंत्र आणि बघता बघता घराचा आकार. बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, त्यातल्या एका उभ्या लाकडावर बोटांच्या पेरांनी टकटक केलं आणि भाजीवाल्यानं जून भोपळा गळ्यात मारल्यासारखा चेहरा केला.

बाबा मिरजेचे. पोस्टात नोकरी केली, पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले आणि मधल्या काळात स्वतःचं घर बांधलं. 'बांधून घेतलं' असं कोणी म्हटलं की बाबा तिथल्या तिथे दुरुस्ती करतात. विटा गवंड्यानं रचल्या असतील, पण पाणी बाबांनी मारलं. नव्या बांधकामाला सकाळ-संध्याकाळ पाणी मारावं लागतं, नाहीतर सिमेंट तडकतं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. बाबांसाठी मात्र ते सोवळ्यातलं काम होतं. ऑफिसला जाण्याआधी रबरी नळी घेऊन भिंतींभोवती फिरायचं आणि घरी आल्यावर चहाच्याही आधी पुन्हा नळी हातात घ्यायची. "एक तडा दाखव त्या घरात," असं ते अजूनही येणाऱ्या-जाणाऱ्याला आव्हान देतात. लग्न होऊन गेले तेव्हा मी खरोखर शोधला होता. नाही सापडला.

सासूबाई गेल्यावर बाबा त्या बिनतड्याच्या घरात एकटे राहत होते. आम्ही रोज फोन करायचो आणि ते रोज "मी मजेत" म्हणायचे. मग एकदा शेजारच्या वहिनींनी न राहवून कळवलं, की बाबा आठवडाभर तापानं फणफणले होते आणि 'पोरांना कळवायचं नाही' अशी त्यांनी तंबी दिली होती. त्या दिवशी हॉस्पिटलच्या फार्मसीत औषधं लावता लावता मला रडू फुटलं. नवरा रडला नाही. त्यानं घराच्या नकाशात एक खोली वाढवली. स्वतंत्र बाथरूमची, उत्तरेकडे तोंड केलेली, कारण या गोलार्धात सूर्य उत्तरेकडून जातो आणि ऊन तिकडूनच आत येतं.

मग बाबांना व्हिजिटर व्हिसावर बोलावून घेतलं आणि विचारलं, कायमचेच राहा ना. कागदपत्रांचं पुढे काय ते करता आलं असतं, आधी त्यांनी हो म्हणायला हवं होतं. बाबा म्हणाले, "बघू." आता बाबांचं 'बघू' म्हणजे काय ते त्यांच्या पोस्टातल्या माणसांना विचारा. रजा मागणाऱ्याला ते हेच सांगायचे.

मला ते हवे होते. स्पष्टच लिहिते. कर्तव्य वगैरे मोठ्या गोष्टी बाजूला ठेवा, मला त्यांच्याशी बोलायला आवडतं. माझा नवरा भला माणूस आहे, पण त्याच्याशी गप्पा मारायच्या म्हणजे बंद दुकानासमोर उभं राहण्यातला प्रकार. बाबा भांडतात, टोमणे मारतात, बातम्या वाचून चिडतात आणि आमटीत गूळ कमी पडला तर तोंडावर सांगतात. घरात असं माणूस लागतं. आणि मिरजेत ते कोणाशी भांडणार होते?

आमचा बिल्डर हा एक वेगळाच गृहस्थ होता. ऊन असो, थंडी असो, गुडघ्यापर्यंतची चड्डी आणि जाड बूट. मान उन्हानं तांबूस झालेली. बोलणं मोजकं. स्वतःची छोटी कंपनी, हाताखाली दोन माणसं, पण करवत चालवायला आणि शेवटी झाडू मारायला हा स्वतः. काम संपलं की रोज जागा लख्ख झाडून जायचा. राखणदार नाही, कुंपणाला काटेरी तार नाही, लाकडं तशीच उघड्यावर. बाबांना या झाडूचं फार कौतुक वाटलं. "मालक झाडतोय बघ," असं त्यांनी मला दोनदा दाखवलं. रोज सकाळी दहाच्या सुमाराला कामावरची माणसं चहाला बसतात, त्याला इथे स्मोको म्हणतात. आमचं भाड्याचं घर पलीकडच्याच गल्लीत असल्यामुळे बाबा थर्मासमध्ये आल्याचा चहा घेऊन बरोबर त्या वेळी हजर व्हायचे. हळूहळू बिल्डर स्वतःची कॉफी आणेनासा झाला.

जमिनीवर काँक्रीटचा स्लॅब ओतला तो दिवस बाबांच्या मते या देशातला सर्वांत चांगला दिवस. पंपाच्या लांबलचक सोंडेतून सगळं काँक्रीट एका सकाळीत पडलं, वर यंत्र फिरलं, आरशासारखी घोटाई झाली. बाबा खूश होऊन घरी आले. दुसऱ्या दिवशी बिल्डरनं त्याच स्लॅबवर करवत लावली आणि सरळ रेषेत खाचा पाडल्या. बाबांचा जीव खाली-वर झाला. मला फोन करून म्हणाले, "अगं, कापतोय तो! कालचा स्लॅब कापतोय!"

मी त्यांना फोन बिल्डरच्या हातात द्यायला सांगितला. तो शांतपणे म्हणाला, की काँक्रीट वाळताना कुठेतरी तडकणारच. कुठे तडकायचं ते आपण आधीच ठरवून दिलं की ते तिथेच तडकतं, वेडंवाकडं जात नाही. मला हे फार आवडलं. बाबांना मुळीच पटलं नाही. तडा जाणारच असं आधीच मान्य करून काम करणारा माणूस त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. त्यांनी नळी उचलली आणि स्लॅबवर पाणी मारायला सुरुवात केली. बिल्डर हसला, म्हणाला, स्लॅबला थोडे दिवस पाणी मिळालं तर वाईट काही नाही. "नॉट अ बॅड आयडिया, मेट." बाबांनी यातलं 'नॉट बॅड' ठेवून घेतलं आणि 'थोडे दिवस' सोडून दिलं.

मग गुलाबी लाकडांचा सांगाडा आला आणि त्यावर छप्पर चढलं. छप्पर चढलं की घरमालकानं कामगारांना खाऊपिऊ घालायचं असा इथला रिवाज आहे, रूफ शाउट म्हणतात त्याला. हे ऐकून बाबांची कळी खुलली. आपल्याकडे स्लॅब पडला की गवंड्यांना जेवण घालतात, तेच हे. म्हणजे माणसं अगदीच परकी नाहीत तर! त्यांनी मला बटाटेवडे तळायला लावले, नवऱ्यानं बिअरचे खोके आणले, आणि आमच्या भिंती नसलेल्या दिवाणखान्यात फळ्यांवर बसून सगळ्यांनी हाणलं. बिल्डरनं हिरवी मिरची चावली, डोळ्यांत पाणी आलं तरी "स्वीट ॲज", म्हणजे एकदम झकास, म्हणाला आणि दुसरी घेतली. बाबा त्याच्याकडे कौतुकानं बघत राहिले.

यानंतर खिडक्या बसल्या, बाहेरून वेष्टण लागलं, आणि काम थांबलं. आतलं लाकूड पुरतं वाळल्याशिवाय भिंती आतून बंद करणारे प्लास्टरबोर्डचे तक्ते लावायची इथे परवानगी नाही. ओलं लाकूड आत कोंडलं तर कुजतं, बुरशी धरते. म्हणून बिल्डर घर वाळायला सोडून दुसऱ्या कामावर गेला. जाताना माझ्या नवऱ्याला हे त्यानं नीट समजावून सांगितलं. नवऱ्यानं मान हलवली आणि नेहमीप्रमाणे ती माहिती स्वतःजवळच ठेवली.

बाबांना दिसलं ते एवढंच, की काम बंद पडलंय आणि आता सिमेंटकडे बघायला कुणी नाही. मी हॉस्पिटलात, नवरा ऑफिसात. बाबा सकाळी आमच्याबरोबरच बाहेर पडायचे आणि संध्याकाळी आम्ही यायच्या आधी परतायचे. आम्ही म्हणायचो, छान, रोज फिरायला जातात.

काउन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, इन्स्पेक्टरीण बाई यायच्या होत्या त्या दिवशी मी रजा टाकली. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. पोस्टातही तपासणीच्या दिवशी ते असाच घालत असणार. बाईंच्या हातात दोन टोकदार सुया असलेलं छोटं यंत्र होतं. सुया लाकडात टोचायच्या की ओल किती ते कळतं. वरच्या लाकडांवर यंत्र गप्प बसलं. मग बाई वाकल्या आणि तळाशी, जमिनीलगत आडवं लाकूड असतं त्यात त्यांनी सुया टोचल्या. यंत्र किंचाळलं. पुढच्या भिंतीलाही तेच. प्रत्येक खोलीत वर कोरडं आणि खाली चिंब.

बिल्डरचा चेहरा उतरला. छप्पर गळत नव्हतं, खिडक्या नीट होत्या, पाऊसही फार झाला नव्हता. म्हणजे पाइप गळतोय. त्यानं प्लंबरला फोन लावला. तो जवळच कुठेतरी होता, लगेच आला. रुंद खांद्यांचा हसतमुख माणूस, येताना सगळ्यांना माओरी पद्धतीनं "किया ओरा" म्हणाला आणि क्षणात गुडघ्यांवर बसून एकेक सांधा चाचपायला लागला. बिल्डर त्याच्या डोक्यावर उभा राहून हळू आवाजात विचारत होता, की तपासल्याशिवाय गेला होतास का. प्लंबर नाही म्हणत होता. दुसऱ्यांदा नाही म्हणाला तेव्हा त्याचं हसू मावळलेलं होतं.

बाबांनी मला कोपरानं ढोसलं. "काय झालंय गं? तो बिचारा का रांगतोय?"

मी सांगितलं. खालचं लाकूड भिजलंय, पाणी कुठून येतंय ते सापडत नाही, त्यांना वाटतंय प्लंबरनं काम नीट केलं नाही.

 बाबांनी शर्ट खाली ओढून नीट केला, खोलीच्या मधोमध गेले आणि आपल्या पोस्टातल्या इंग्रजीत खणखणीत आवाजात म्हणाले, "सर. द वॉटर इज माइन. मॉर्निंग अँड इव्हनिंग. प्लंबर इज नॉट ॲट फॉल्ट."

कुणालाच काही कळेना. मग बाबांनी करून दाखवलं. कोपऱ्यातली नळी आणली, पाणी कसं मारायचो ते दाखवलं. मधे पाणी साचू नये म्हणून झाडूनं ते चारी बाजूंना भिंतींकडे कसं लोटायचो, तेही दाखवलं. सगळं अगदी व्यवस्थित, काही न लपवता. जे घर वाळावं म्हणून मोकळं सोडलं होतं, त्याला आमचे बाबा दोन्ही वेळा न चुकता पाणी घालत होते.

मला एकाच वेळी हसू आणि रडू येत होतं, आणि त्याहून जास्त अभिमान वाटत होता. माझ्या पाहण्यातली भली भली माणसं अशा वेळी खिडकीबाहेर बघत राहतात. बाबांना कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. समोरचा प्लंबर कोण कुठला, त्याचं नावही त्यांना माहीत नव्हतं. पण तो त्यांच्यामुळे बोलणी खात होता, एवढं त्यांना पुरेसं होतं.

बिल्डरनं टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. "राइट," म्हणाला. मग प्लंबरच्या खांद्यावर हात ठेवून त्याची माफी मागितली. बाबांकडे वळून म्हणाला, सांगितलंत ते बरं केलंत. आवाज चढला नाही, चेहऱ्यावर आठी नाही. बाईंनी नापासाचा शेरा मारला आणि वाळलं की बोलवा म्हणून गेल्या. प्लास्टरबोर्ड लावणारी मंडळी दुसऱ्या कामाला निघून गेली. आता ती कधी परत मिळणार याचा भरवसा नव्हता.

संध्याकाळी जेवताना बाबांनी ताटाकडे बघतच मुलाला सांगितलं, "तिकिटाचं बघ माझ्या."

"बाबा, होतं असं," नवरा म्हणाला. एवढ्या मोठ्या प्रसंगाला त्यानं काढलेले हे तीन शब्द.

"बघ तिकिटाचं. पाहुण्यानं चार दिवस राहावं, घराचं नुकसान करू नये."

माझं डोकंच फिरलं. "पाहुणे? कोण पाहुणे?" मी ताडकन उठले. "तुमच्यासाठी खोली काढलीय आम्ही तिथे. तुम्ही गेलात तर काय ठेवू मी त्यात, सायकली? मिरजेत ताप आला तर पुन्हा वहिनींना दम देणार?"

"ओरडू नकोस," बाबा म्हणाले. "मी तुमच्या उपयोगाचा नाही इथे. हे बांधकाम मला कळत नाही, ही माणसं मला कळत नाहीत. तिकडे निदान नळी कुठे धरायची ते कळतं."

 बाबांनी ताट उचलून स्वतः धुतलं आणि झोपायला गेले. नवरा लॅपटॉप उघडून विमानांच्या तारखा बघत बसला. त्याचे डोळे लाल झाले होते आणि मला दोघांचाही राग येत होता.

सकाळी मी डबे भरत होते तेव्हा दारावर टकटक झाली. बिल्डर. बूट दाराबाहेर काढून, मोज्यांवर उभा. आमच्या घरात बूट घालून येत नाहीत हे त्यानं पहिल्याच दिवशी हेरलं होतं. "बॉस उठलेत का?" त्यानं विचारलं. मला वाटलं नवऱ्याला विचारतोय. तो म्हणाला, नाही, बिग बॉस.

बाबा बाहेर आले, अवघडून उभे राहिले. बिल्डरनं खिशातून बाईंकडे होतं तसंच सुयांचं यंत्र काढलं आणि त्यांच्या हातात दिलं.

त्याचं म्हणणं मी बाबांना मराठीत सांगत गेले. घर आता वाळवायचंय. मी मोठे पंखे आणून लावतो, पण ते या भिंतीवरून त्या भिंतीवर फिरवत राहायला माणूस लागतो. सकाळी सगळ्या खिडक्या उघडायच्या, पाऊस येतोय असं दिसलं की धावत बंद करायच्या. पेन्सिलीनं खुणा करून ठेवतो, तिथे तिथे रोज सुया टोचून बघायचं. माझी माणसं दुसऱ्या कामावर आहेत, आणि खरं सांगायचं तर हे काम रोज न कंटाळता करतील असं नाही. कुणी न सांगता, कुणी न बघता, जो माणूस दोन्ही वेळा येऊन पाणी घालत होता, तो वाळवायलाही न चुकता येईल. असा माणूस मला पैसे देऊनही मिळायचा नाही.

बाबांनी यंत्र उलटसुलट करून बघितलं. मग मला विचारलं, "हे माझ्यामुळे झालंय, हे कळलंय ना त्याला?"

"कळलंय, बाबा. म्हणून तर आलाय."

बाबांनी यंत्र खिशात ठेवलं. "तिकीट या आठवड्यात नको काढू म्हणावं तुझ्या नवऱ्याला," ते म्हणाले आणि चपला शोधायला लागले.

त्या माणसाचं मी काय कौतुक करू? बाबांना सायटीवर यायला बंदी घालणं त्याला सहज शक्य होतं आणि आम्ही हूं की चूं केलं नसतं. मोठेपणा दाखवून 'जाऊ द्या हो' म्हणणंही सोपं होतं, आणि त्यानं बाबा पुरते खचले असते. त्यानं त्यांना काम दिलं. शिकलेल्या, पुस्तकं वाचलेल्या आम्हा दोघांना जे रात्रभर सुचलं नाही, ते हा माणूस मोज्यांवर उभा राहून करून गेला.

बाबांनी ते काम पोस्टाच्या शिस्तीत केलं. पश्चिमेला काइमाई डोंगरांकडून वारा आला की तो कोरडा आणि समुद्राकडून, पूर्वेकडून आला की ओला, हे त्यांनी चार दिवसांत ओळखलं. मग भर मीटिंगमध्ये नवऱ्याचा फोन वाजायचा. "पश्चिमेचा सुटलाय रे. मी सगळं सताड उघडलंय." नवरा मीटिंगमधून उठून त्यांच्याशी बोलायचा. आधी वाऱ्याबद्दल, मग पंख्यांबद्दल, मग जेवलास का. संध्याकाळी घरी आला की सरळ सायटीवर जायचा आणि दोघं मिळून खिडक्या लावायचे. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण बापलेक इतकं बोलताना मी कधी ऐकले नव्हते.

एका दुपारी मी जेवणाचा डबा घेऊन गेले. बिल्डर काम बघायला आला होता, दोघं फळीवर बसून चहा पीत होते. बाबांची पाठ माझ्याकडे होती. ते मिरजेच्या घराबद्दल सांगत होते. "माय वाइफ टुक ईस्ट साइड," ते म्हणाले. "आय टुक वेस्ट साइड. शी वॉज व्हेरी स्ट्रिक्ट." पाणी कमी पडलं की ती माझ्या बाजूला येऊन हात लावून बघायची, ओरडायची, ते सांगत होते. नळी एकच होती, म्हणून ती बादलीनं मारायची. 

सासूबाईही पाणी मारायच्या हे मला माहीतच नव्हतं. मिरजेत ही गोष्ट शंभरदा ऐकली होती, पण त्या असताना त्यांना शेजारी बसवून बाबा नेहमी 'मी मारलं' असंच सांगायचे आणि त्या नुसत्या हसायच्या. आता त्या नसताना, परक्या भाषेत, परक्या माणसाला ते पूर्वेची बाजू तिची होती म्हणून सांगत होते. बाबा आमच्या रिकाम्या घरात रोज एकटे कशासाठी येत होते, ते मला त्या दिवशी समजलं. मी बाहेर नळाशी उभी राहून डोळे पुसले आणि मग पायांचा आवाज करत आत गेले.

इन्स्पेक्टरीण बाई पुन्हा आल्या. बाबा त्यांच्या मागोमाग प्रत्येक खोलीत फिरले. यंत्र कुठेच ओरडलं नाही. बाईंनी बाबांशी हस्तांदोलन केलं आणि बाबांनी ते मान किंचित झुकवून स्वीकारलं. प्लास्टरबोर्डवाली मंडळी लवकरच येणार होती. तिकिटाचा विषय कुणी काढत नव्हतं. ना मी, ना नवरा, ना बाबा. घर वाळलं होतं, म्हणजे त्यांचं कामही संपलं होतं, आणि ते आता काय म्हणतील ते विचारायची माझी हिंमत नव्हती.

भिंती बंद होण्याआधी बिल्डर आम्हाला घेऊन घरभर फिरला. त्यानं समजावलं, की या भिंती आतून पोकळ असतात. जड काही टांगायचं असेल तर नेमकं तिथे आत लाकडाचा ठोकळा बसवावा लागतो. तेव्हा टीव्ही, फडताळं, काय असेल ते आत्ताच सांगा, नंतर कठीण. आम्ही सांगत गेलो, तो पेन्सिलीनं खुणा करत गेला. टीव्ही इथे. देव्हाऱ्याची फळी इथे. स्वयंपाकघरात डब्यांची मांडणी या अख्ख्या भिंतीवर. शेवटी आम्ही उत्तरेच्या खोलीत आलो. बिल्डरनं बाबांना विचारलं, "तुमच्या खोलीत काय, बॉस?"

 या खोलीचा रंग, खिडकी, दिवे, काहीही विचारलं की बाबा आजवर एकच सांगत आले होते, तुम्ही ठरवा.

बाबा सरळ आत बाथरूममध्ये गेले. तिथे अजून फक्त उघडी लाकडं आणि जमिनीतून वर आलेले पाइप होते. कोपऱ्यात दुधाचा प्लास्टिकचा क्रेट पडला होता. तो त्यांनी उचलला, जिथे कमोड येणार होता तिथे पालथा घातला आणि त्यावर अगदी गंभीर चेहऱ्यानं बसले. नवरा दारात थबकला. बाबांनी उजवा हात भिंतीकडे लांब केला, थोडा वर नेला, थोडा खाली आणला, आणि दोन लाकडांच्या मधल्या पोकळीत मूठ धरून थांबले. मग त्या हातावर जोर दिल्यासारखं करून उठून उभे राहिले. एकदा समाधान झालं नाही, पुन्हा बसले, पुन्हा उठले.

"हिअर," ते बिल्डरला म्हणाले. "वन हँडल. व्हेरी स्ट्राँग."

बिल्डरनं त्या जागी पेन्सिलीनं खूण केली आणि ठोकळा कापायला बाहेर गेला.

"बाबा," मी म्हणाले, "हँडल कशाला?"

"आत्ता नको गं," बाबा पँट झटकत म्हणाले. "म्हातारा झालो की लागेल."